गाऱ्हाणं क्रमांक बारा

रविवारी आमच्या लालबागच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा होती आणि अख्खी चाळ मला हसत होती. हसू दे. पण त्याआधी काय काय झालंय ते लिहिल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या जिन्यातला दिवा गेला. या जिन्यात भरदिवसाही उजेड येत नाही… तीन आठवडे सांगून झालं, आणि एका संध्याकाळी दळण घेऊन वर येताना आई पडली. उजवं मनगट मोडलं.

मी तणतणत चाळीच्या सेक्रेटरींकडे गेले, तर हा गृहस्थ पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "तुमची तक्रार आमच्याकडे आलेलीच नाही." अहो, मी स्वतः तीनदा सांगितलेलं! तर म्हणे, तोंडी सांगितलेलं धरत नाही. लेखी दिलं असतं तर तो कागद कुठे गेला असता हे चाळीतल्या मांजरालाही माहीत आहे.

मग ठरवलं, नोंद अशी ठेवायची की कोणाला कानावर हात ठेवता येणार नाहीत. चाळीच्या ग्रुपवर एक बॉट बसवला… म्हणजे एक छोटा प्रोग्राम. कोणी तक्रार टाकली की तो तिला क्रमांक देणार, तारीख-वेळ टाकणार आणि ती सुटेपर्यंत सेक्रेटरींना रोज सकाळी आठवण करणार. मी ऑफिसात एक्सेल चालवणारी बाई, पण व्हिडिओ बघून बघून शिकले.

आधी तो घरच्या लॅपटॉपवर चालवला. आई येता-जाता डाव्या हाताने बटण बंद करायची. "लायट बिल काय तुझो बॉट भरतलो?" शेवटी भाड्याचा सर्व्हर घेतला… कुठेतरी लांब, चोवीस तास चालू असणारा कॉम्प्युटर, आईला बंद न करता येणारा.

काळ्या स्क्रीनवर कमांड टाकत दोन रविवार घातले. मी ती स्क्रीन बंद केली की बॉटही झोपायचा, तो आपोआप उठेल अशी सोय केली. वर त्या सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे… सेक्रेटरी लगेच ग्रुपवर हजर, "सकाळी नऊची तक्रार पहाटे साडेतीनला कशी? खोट्या नोंदी!" तेही दुरुस्त केलं.

अकरा तक्रारी जमल्या. अकराही त्याच दिव्याच्या, वेगवेगळ्या घरांतून. उत्तर एकालाही नाही. नंतर कळलं, सेक्रेटरींनी बॉटला म्यूट करून टाकलंय. म्यूट!

आणि शनिवारी माझाच पचका झाला. पहिल्या मजल्यावरचे तात्या दरवर्षी पूजेनंतर देवापुढे गाऱ्हाणं घालतात. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळी अकरा वाजता गाऱ्हाणं आहे. सर्वांनी हजर राहावे." बॉटने क्षणात उत्तर दिलं, "तुमचं गाऱ्हाणं नोंदवलं आहे. क्रमांक बारा. संबंधितांना रोज आठवण करून दिली जाईल."

आता आम्हा मालवणी माणसांत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. पण बॉटला शब्दांची यादी देताना मी तक्रार, प्रॉब्लेम, कम्प्लेंट यांच्या शेजारी शाळेच्या पुस्तकातलं गाऱ्हाणं घालून ठेवलं होतं… जन्म या चाळीत गेला आणि डोक्यातच आलं नाही.

देवाला रोज आठवण करणार काय, म्हणून ग्रुप हसून हसून भरून गेला. सेक्रेटरींना आयतंच कोलीत मिळालं. "हा देवाचा अपमान आहे. बॉट आजच्या आज बंद करा." दिव्याच्या अकरा तक्रारींना उत्तर नाही, आणि यावर दोन मिनिटांत!

रविवारी सकाळी मी तात्यांकडे माफी मागायला गेले. ते रागावले नव्हतेच. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "बारावो नंबर माझो, तर पयले अकरा कोणाचे गो?" मी मोबाईल पुढे केला. त्यांनी अकराही तक्रारी नावांसकट वाचल्या आणि मोबाईल परत दिला.

पूजा झाली. तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं… पोराबाळांना सुखात ठेव, आजाऱ्याला बरं कर. प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!"

मग त्यांचा आवाज चढला. "बा देवा म्हाराजा, दोन म्हयने जिन्यात दिवो नाय, लेकी-सुनांका काळोखात चढाचा लागता, एकीचो हात मोडलो. ज्येच्या हातात ह्या काम आसा, तेका उद्याच्या उद्या बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा आवाज त्या चाळीत मी कधी ऐकला नव्हता. सेक्रेटरी पहिल्या रांगेत, हात जोडून. एवढ्या माणसांत, देवासमोर… तोंडातल्या तोंडात का होईना, त्यांनाही म्हणावं लागलं.

सोमवारी दुपारी वायरमन आला आणि दहा मिनिटांत दिवा लावून गेला.

दहा मिनिटांचं काम! आणि संध्याकाळी ग्रुपवर काय, तर 'कमिटीच्या प्रयत्नांना यश'. देवाच्या धाकाने यांना बुद्धी होते, प्लास्टर घातलेली बाई रोज दारात दिसते तेव्हा होत नाही. संताप संताप होतो नुसता… आणि बॉट मी बंद केलेला नाही, करणारही नाही.

तात्या, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पडल्यापासून पहिल्यांदाच आई काल एकटी खाली उतरली. मी वरून बघत होते… दिवा लख्ख होता, तरी प्रत्येक पायरीवर ती आधी पायाने चाचपत होती.