मुरलीधर मास्तरांच्या रक्ताची तपासणी

पनागरच्या एका शाळेत मुरलीधर मास्तरांनी तीस वर्षं गणित शिकवलं, पण गाजले ते तपासणीच्या दिवसामुळे. साहेब यायचे असले की मास्तर ढ पोरांना आदल्या दिवशीच प्रेमानं सांगत, "उद्या येऊ नको बेटा, तुला ताप येणार आहे." साहेब खूश, मास्तर खूश, पोरं तर सगळ्यांत खूश.

निवृत्तीनंतर मास्तरांच्या नाकात पॉलिप झाले. द्राक्षांसारखे मऊ कोंब. वास पार गेला. बायकोचं, म्हणजे शैलजाकाकूंचं, गॅसवरचं दूध करपून जायचं आणि हे शेजारी बसून निवांत पेपर वाचायचे. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर अंजनी म्हणाल्या, "काका, आधी रक्त पाहू. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त निघाल्या, तर कोंब परत यायची भीती जास्त. मग दर महिन्याला हजेरी लावावी लागेल."

हजेरी म्हटल्यावर मास्तर बिथरले. घरात दम्याच्या वेळच्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या घेतल्या की या पेशी रक्तातून गुडुप होतात, हे मागच्या रिपोर्टात त्यांनी पाहिलेलं. पाच दिवस गुपचूप गोळ्या खाल्ल्या. "काही औषध चालू आहे?" विचारल्यावर "छे" म्हणाले. रिपोर्ट साफ आला, तो त्यांनी गल्लीभर मिरवला.

ऑपरेशननंतर वास परतला. पहिल्यांदा स्वतःच्याच मोज्यांचा आला, तरी माणूस गहिवरला. चार महिन्यांत डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं नाक धुणं सुटलं, नाकाचा फवारा फडताळात गेला. "रिपोर्ट साफ आहे, काहून नाक धूत बसू?"

सहाव्या महिन्यात वास पुन्हा विरायला लागला. मास्तर कुणाला बोलले नाहीत. लेक अवंतिका बाळंतपणाला आली होती, आणि बाळाच्या टाळूचा पहिला वास मी घेणार, असं त्यांनी केव्हापासून जाहीर करून ठेवलं होतं.

बाळ महिन्याचं झालं तेव्हाची गोष्ट. न्हाऊ घालून, ओवा-वेखंडाची धुरी देऊन अवंतिकानं ते त्यांच्या मांडीवर दिलं. मास्तरांनी टाळूला नाक लावून डोळे मिटले. "वा, वेखंड कसं घमघमून राहिलं."

बाळानं दुपट्यात केव्हाच कार्यक्रम उरकला होता. अवंतिका हसून हसून बेजार झाली. शैलजाकाकू मात्र हसल्या नाहीत.

"कधीपासून?"

"दोन महिने."

या वेळी रक्त गोळ्यांशिवाय गेलं. आकडा पाचपट. डॉक्टर अंजनींनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "काका, हा पहिला इतका कमी कसा?"

"गोळ्या खाल्ल्या होत्या." मास्तर जमिनीकडे पाहत होते. "नापास व्हायचं नव्हतं."

त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "खरा आकडा दिसला असता, तर मी दर महिन्याला आत डोकावले असते. कोंब बारीक असतानाच कदाचित आवरले असते."

"आता वास कधी येईल?"

"औषध देते. कदाचित पुन्हा ऑपरेशन. महिने जातील, आणि खात्री नाही."

अवंतिका तीन आठवड्यांनी इटारसीला सासरी जाणार होती. तान्ह्या टाळूचा वास काही महिनोन्महिने थांबत नाही.

घरी आले तेव्हा बाळ नुकतंच न्हालं होतं. मास्तरांनी ते उचललं, नाक टेकवलं.

"येतो का, बाबा?"

"नाही." या वेळी सरळ उत्तर. "तू सांग, कसा आहे?"

तिनं वाकून हुंगलं. "कोमट... कच्च्या दुधासारखा. थोडा धुराचा पण."

"अजून सांग," मास्तर म्हणाले.