मूठभर पाकळ्या

छापखान्यात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. एकतीस वर्षं तो प्रुफं तपासत होता, आणि चुकीची वेलांटी त्याला म्हणे पान उलटायच्या आधीच टोचायची. ‘भिंगाच्या हाताखालून गेलंय ना, मग बघायला नको,’ असं कुणी म्हटलं की तो ‘छे, छे’ म्हणे. पण इतक्या हळू, की समोरच्याला तेच पुन्हा एकदा म्हणावंसं वाटावं.

घरात कौतुक करायला एक थोरली बहीण होती. ताई दोन मजले खाली राहायची आणि एका मोठ्या कचेरीच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. तीनशे माणसांचं जेवण जमलंय की नाही, हे ती नुसतं वाफेवरून ओळखायची. भावाने तपासलेलं प्रत्येक पुस्तक ती वाचायची. त्यातही एक अनुवादित कादंबरी तिच्या विशेष लाडाची होती: इटलीतल्या डोंगरावरच्या गावात खानावळ चालवणाऱ्या एका विधवेची गोष्ट. पानापानावर चूल पेटलेली. ताईने ती सात-आठ वेळा तरी वाचली असेल. कुणी विचारलं तर गोष्टीच्या आधी सांगायची, “आमच्या धाकट्याने तपासलंय. एक चूक काढून दाखवा.”

गेल्या वर्षी ताईला ताप आला आणि जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. वासाबरोबर चवही गेली. स्वयंपाकिणीची चव जाणं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. कँटीनमध्ये हाताखालच्या बाया चाखून सांगायच्या, ही नुसती मान डोलवायची. डॉक्टर म्हणाले, रोज हुंगत राहा, चाखत राहा, येईल परत. पण आली की नाही हे कळायचं कसं? नेहमीचं जेवण खाल्लं की आठवणच चव सांगून मोकळी होते. तेव्हा ताईने डोकं चालवलं. जन्मात न खाल्लेले पदार्थ करायचे, त्या कादंबरीतले. त्यांची आठवणच नाही, म्हणजे जिभेला लबाडी करता येणार नाही.

त्यामुळे दर रविवारी भिंगाला खाली जेवायला बोलावणं असे. तो तिची दुसरी जीभ. बीन्सचं सूप झालं, वांगी आणि चीजचे थर झाले, लिंबाचा केक झाला. ताई एक घास घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, “आंबट आधी, मग गोड.” तो म्हणायचा, “बरोबर.” तिचा जीव भांड्यात पडायचा. चव परत येत होती. महिन्याभरात तिने कँटीनमधल्या बायांना चाखायला बोलावणंही बंद केलं.

मग तिने शेवटच्या प्रकरणातलं लग्नाचं जेवण काढलं. टोमॅटोचा सॉस, पास्त्यावर घालायचा. तिने ताट पुढे ठेवलं आणि भिंगाने पहिला घास घेतला. कुणी तोंडात अंगाचा साबण कोंबावा, तसं झालं. साबण आणि मागून जळका कडवटपणा.

“यात काय घातलंयस?” त्याने विचारलं.

“पुस्तकात आहे तेच. मूठभर गुलाबाच्या पाकळ्या ठेचून, तेलात गुलाबी होईपर्यंत परतायच्या. मला आधी वाटलं लसूणच असणार. म्हटलं, आपल्या अकलेवर कशाला जावं? तू तपासलंयस.”

त्याला ते पान डोळ्यांसमोर दिसलं. अनुवादकाने नुसतंच लिहिलं होतं, ‘मूठभर पाकळ्या ठेचून तेलात गुलाबी होईपर्यंत परताव्या.’ भिंगाने समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘कशाच्या?’ अनुवादक आजारी, छपाई डोक्यावर. मागच्या पानावर ती विधवा अंगणात गुलाब खुडत होती. त्यात ‘गुलाबी’ शब्द. साऱ्या आयुष्यात कधी फोडणीसमोर उभा न राहिलेल्या माणसाला आणखी काय पुरावा हवा? त्याने ‘गुलाबाच्या’ हा शब्द आत घातला, वर स्वतःवर खूशही झाला. गुलाबी रंगावर लसूण परततात, कांदा परततात, हे कुठल्याही स्वयंपाकघरात पोरीबाळींनाही ठाऊक असतं. कोशात मात्र ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

ताईने आपला घास घेतला. डोळे मिटले. चेहरा कसनुसा झाला.

“मला साबण लागतोय,” ती म्हणाली. “तुला?”

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य, तेही फार लांब नव्हे. पण समोर ती बसलेली, त्याच्या बिनचूकपणावर इतकी वर्षं मिरवलेली, आणि त्याची जीभ भलतीकडेच वळली.

“छान झालंय की,” तो म्हणाला. आणि ते खरं वाटावं म्हणून त्याने आणखी वाढून घेतलं.

ताईने त्याच्या पुन्हा भरलेल्या ताटाकडे पाहिलं. मग तिने चमचा खाली ठेवला.

“म्हणजे अजून नाहीच आली,” ती म्हणाली. “उलट जीभ खोटं सांगायला लागलीय. आधी निदान काही कळत तरी नव्हतं. अशा जिभेवर तीनशे माणसांना जेवू घालायचं? उद्या मॅनेजरसाहेबांना सांगून टाकते.”

“घाई कशाला?” एवढंच तो बोलला. मग ताट साफ केलं.

सोमवारी त्याने छापखान्यातली जुनी फाइल काढली. लाल शाई तशीच होती, अक्षर त्याचंच. मंगळवारी तो जिन्यात तिच्या दारापर्यंत गेला आणि दूध आणायचं राहिलंय असं स्वतःलाच सांगून खाली उतरला. बुधवारी त्याने मनाची समजूत घातली, की राजीनामा काय लगेच घेतात थोडाच. त्याला स्वतःची शिसारी आली होती. दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घासाठी समासात चार-चार ओळी खरडणारा माणूस, त्याला आपली एक चूक तोंडाने सांगवेना.

गुरुवारी मात्र तो कँटीनच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिला. जेवणाची वेळ टळली होती. ताई एका नव्या बाईला मोठ्या पातेल्यांच्या जागा दाखवत होती. ती बाहेर आली, पदराला हात पुसत. त्याने एका दमात सगळं सांगितलं.

“लसूण,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे माझी जीभ बरोबर होती.”

“हो, ताई.”

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुला रविवारी ठाऊक होतं?”

“पहिल्या घासालाच.”

“छापण्यात चुकलं ते चुकलं रे. माणूस आहेस. मी हसले असते, वर्षभर तुला चिडवलं असतं. पण मी चाचपडत तुला विचारत होते, आणि तू समोर बसून वर आणखी वाढून घेतलंस!”

ती परत मॅनेजरसाहेबांकडे गेली. साहेब भला माणूस. पण नव्या बाईला शब्द दिलेला, ती आपली आधीची नोकरी सोडून आलेली. तिला हाकलायला ताईचाच जीव धजेना. शेवटी ठरलं, की ताईने तूर्त भाज्या चिरायला यावं, पुढे बघू. वीस वर्षं जिच्या शब्दाशिवाय त्या स्वयंपाकघरात झाकण उघडत नव्हतं, ती दुसऱ्याच दिवसापासून कोपऱ्यात बसून कांदे चिरू लागली.

त्या रविवारीही भिंगाला जेवायला बोलावणं आलं. तिने अबोला धरला नव्हता; धरला असता तर बरं, असं त्याला वाटलं. तोच सॉस होता, या वेळी लसणाचा. शेजारची शिवणकाम करणारी बाईही ताटावर बसली होती. भिंगाने घास घेतला. सॉस अप्रतिम झाला होता. इतका, की त्याचे डोळे भरून आले.

“ताई, फार छान झालंय,” तो म्हणाला. “खरंच.”

“हो का,” ताई म्हणाली, आणि शेजारणीकडे वळली. “तुम्ही सांगा हो. कसं झालंय?”