ग्राफमधून काढलेल्या गाई

आमच्या लॅबमध्ये डेटापेक्षा किस्सेच जास्त जमतात. डेटाचा बॅकअप तरी घेता येतो. किस्से कुठं टाकायचे? मग माझंच डोकं तापतं, आणि घरी गेलं की नवरा विचारतो, "आज कुणावर?"

काम तसं सांगायला सोपंय. जर्सी गाईला गोचीड चावते, रक्तात जंतू जातो, ताप चढतो, बघता बघता दावण रिकामी. आम्ही गाईचं रक्त काढतो, त्यातल्या जंतूचे जीन्स वाचतो आणि त्याच्यावरची अशी एखादी खूण शोधतो, जी ओळखून लस त्याला पकडेल. केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव या गावच्या शेवंताबाईंची एक गाय या गोचीड तापानं गेली. दुसरी वाचली, गाभण होती. "व्हणाऱ्या वासरापुरती तरी लस काढा बाई," एवढंच त्यांचं मागणं.

*

गावात पहिल्या दिवशी पुढारी आबा आडवे आले. "पयलं रक्त आमच्या बैलाचं. मानाचं!"

बैल कसा, तर शिंगांना रंग, अंग चकाचक. आबांनी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, फोटो काढले. इकडं माझ्या डब्यातल्या बर्फाचं पाणी!

मी म्हटलं, "आबा, याच्या अंगावर एक गोचीड नाही हो."

"मंग चार लावून घ्या! पण नंबर पयला आमचाच!"

*

तरी नमुने आणले, मायनस एटी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये ठेवले. शनिवारी लॅबमध्ये कुणाचा तरी सत्कार होता. साउंड सिस्टीमला प्लग पाहिजे, म्हणून आमच्या डायरेक्टर सरांनी फ्रीजरचा काढायला लावला. सोमवारी मी दार उघडलं, तर वास! अख्ख्या गावाचे नमुने नासलेले.

मी तशीच सरांकडं गेले. सर पेढा खात होते.

"एवढं काय मॅडम? जंतू मारायचेच होते ना आपल्याला?"

मला संताप आला की आवाज फुटत नाही, हा माझा जन्माचा रोग. मी पेढा घेऊन बाहेर आले. खाल्लाही!

*

ताप उतरला तरी जंतू रक्तात लपून राहतो. म्हणून परत शेवंताबाईंच्या गोठ्यात गेले. सुई बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कावून वं बाई? मागचं रक्त पिलात का?"

मी सुईचं टोपण काढलं.

"गोचीड बरी. पोट भरलं की आपून गळून पडती!"

तरी गाय त्यांनीच धरली.

*

यावेळी नमुने नीट पोचले. आम्ही जीन्स वाचले, शहरातल्या मोठ्या संस्थेनं ते देशभरातल्या डेटाशी जुळवून खूण ठरवली. ऑनलाइन मीटिंगमध्ये एक चिकणा शास्त्रज्ञ म्हणाला, "मॅडम, तुमच्या केजच्या जंतूवर ही खूण वेगळीच निघाली. तुमचे ते पॉइंट्स आम्ही ग्राफमधून काढून टाकले."

"अहो, मग ही लस आमच्याकडं चालणार नाही!"

"बरोबर. पण ग्राफ बघा ना, किती क्लीन आला!"

मी "थँक्यू" म्हणाले. लॅपटॉप बंद केला आणि मग भिंतीला अशा शिव्या दिल्या, की आमचा टेक्निशियन शकील म्हणाला, "मॅडम, ये मीटिंग में बोलना था!"

*

खूण सापडली म्हणून सरांनी बीडला हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. शेतकऱ्यांच्या वतीनं आभार मानायला शेवंताबाईंना स्टेजवर बसवलं. काय बोलायचं, तेही पढवलेलं.

शेवंताबाईंनी माईक धरला. "लस निघंल म्हनतेत. चांगलं हाय. पर आमच्याकडं लागू पडंल का?"

सर हसले. "देशभरातल्या गाईंना उपयोग होणार आहे, ताई!"

"देशाचं न्हाई इचारलं. वासरू झालंय माझं." मग माझ्याकडं वळल्या. "बाई, रक्त तुमी नेलंत. तुमी सांगा."

माईक माझ्या हातात. पहिल्या रांगेत आबा, शेजारी सर. आणि माझा तो आवाज!

"नाही पडणार," मी म्हणाले. "तुमच्या गावचे नमुने त्या मोठ्या संस्थेनं हिशेबातून काढून टाकलेत."

सर ताडकन उठले, "सत्कार! सत्कार!" म्हणत स्टेजवर चढले आणि शेवंताबाईंच्या खांद्यावर शाल टाकली. फोटोवाला धावला.

शेवंताबाईंनी शाल काढली, नीट घडी केली आणि सरांच्या हातात ठेवली.

"सायेब, माझ्या वासराला थंडी न्हाई वाजत. ताप येतो."