बोलका फळा

आमच्या गावात विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. कोण वारलं, नळाला पाणी कधी सुटणार, डोळे तपासायची गाडी कधी येणार, हे त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. मला तो फळा पहिल्यापासून आवडतो, कारण त्याच्यासमोर नुसतं उभं राहिलं तरी चालतं. मी चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं. पाण्याला जाताना हंडा कमरेवर घेऊन जरा थांबलं की सगळं कळतं, कोणाला विचारावं लागत नाही. विचारायची वेळ आली की मी मागं सरते. बचत गटाच्या बैठकीला इतकी वर्षं जाते, पण हजेरीला ‘हाय’ म्हणण्यापलीकडं माझा आवाज तिथं कोणी ऐकलेला नाही.

अशाच एका बैठकीला परभणीहून एका संस्थेची ताई आली होती. तिनं सगळ्यांना एक फोन नंबर दिला. म्हणाली, “या नंबरला मिस कॉल द्यायचा. फोन कट होईल आणि थोड्या वेळानं आपोआप परत येईल. पैसा लागत नाही. एक दाबलं की बाकीच्या बायांनी सांगितलेलं ऐकू येईल. दोन दाबलं की तुम्हाला बोलता येईल.”

माझ्या शेजारची जाऊ म्हणाली, “कोण बोलतंय पलीकडून?”

“कोणी नाही. मशीन आहे. तुमच्या विहारात फळा आहे ना, तसाच हा फळा समजा. फक्त बोलका.”

“अन् मी काय बोल्ले ते साऱ्या गावाला कळंल की.”

“गावाचं नाव सांगितलं तर चालेल. तुमचं नाव, नंबर सांगायचा नाही. चुकून सांगितलंच, तर ते मी कापून टाकीन. आधी मी ऐकणार, मग पुढं सोडणार.”

जाऊ म्हणाली, “मग भांडायला बरं हाय हे,” आणि सगळ्या हसल्या.

माझ्याकडं बटनांचा फोन होता, अजून आहे. दुपारी शेळ्या घेऊन ओढ्याकडं गेले की मी मिस कॉल द्यायची. फोन परत यायचा. जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या बाया बोलायच्या. कोणी कापसावरच्या अळीचं विचारायची, कोणी सांगायची की पोरगी दहावीला बसली, आता पुढं काय शिकवावं. कोणी नुसतं सांगायची की आज करमत नाही. एक झाली की दुसरी बोलायची, मधे कोणी कोणाला तोडायचं नाही. आज विचारलेल्याचं उत्तर कधी परवा यायचं, कधी आठवड्यानं. पण यायचं. मी कितीतरी महिने नुसती ऐकत होते. दोनचं बटन मला दिसत होतं, पण बोट तिकडं जात नव्हतं.

मला एक दुखणं होतं. ते धाकट्या मुलीच्या वेळेपासून होतं, आणि मुलीचं लग्न होऊन गेलं तरी मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. वाकून काम केलं, ओझं उचललं की अंग, म्हणजे पोटातली पिशवी, खाली उतरून बाहेर यायचं. खुरपायला बसले की मी सारखी जागा बदलायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, “हिच्या खाली काय इंगळ हाय का?” मी हसायची. घरात ‘कंबर धरली’ म्हणून सांगायची. आईला सांगितलं नाही, जावेला नाही, नवऱ्यालाही नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की काहीतरी बायकांचं आहे, आणि बायकांचं आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं नाही.

एके दिवशी ओढ्याकाठी मी दोन दाबलं. मशीननं सांगितलं, बोला. मी फोन ठेवून दिला. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी एकदा डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं, की मला असं असं होतं, याला काय करावं. बोलणं संपलं म्हणून शून्य दाबलं आणि फोन पदराखाली लपवला. शेळ्यांशिवाय तिथं कोणी नव्हतं, तरी माझं तोंड तापलं होतं.

चार-दोन दिवसांनी उत्तरं यायला लागली. एकीनं सांगितलं, फडकं आवळून बांधा. एकीनं सांगितलं, पाय उंच करून झोपा. मग एक आवाज आला. जाडसर होता, जरा घोगरा. ती बोलायला लागली आणि तिच्या मागून रेल्वेचा आवाज वाढत गेला. ती मशीनला म्हणाली, “थांबा, गाडी जाऊ द्या.” गाडी जाईपर्यंत ती गप्प राहिली. ताईनं तो भाग कापला नव्हता. मीही फोन कानाला लावून गाडी जायची वाट बघत बसले. मग ती म्हणाली, “आमच्या पिंगळी गावात गाडीचं हे असंच हाय. ऐक माय, तू जी कोण असशील ती. ही लाजायची गोष्ट न्हाई. मलाबी तेच हाय, लय वर्षं झाली. सरकारी दवाखान्यात बाई डाक्टर असतेत, त्यांच्याकडं जा. आतून आधाराला रिंग बसवत्यात, मऊ असती, बांगडीवानी. मला तर बरं वाटायलंय. अन् कुणी पयल्याच दिवशी पिशवी काढा म्हणलं, तर इचार, दुसरं काय करता येतंय का म्हणून.”

ते मी कितीदा ऐकलं ते सांगता येणार नाही. ‘मलाबी तेच हाय’ हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेले. हे बाहेर बाकावर बसले. रिंग बसवली. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, “काय म्हणल्या?” मी म्हटलं, “गोळ्या दिल्या.” मग आम्ही भजे खाल्ले आणि ताडकळसच्या गाडीत बसलो. त्या दिवसापासून मी खुरपायला एका जागी बसते.

मी लाइनवर तिला सांगितलं, पिंगळीच्या बाई, मी जाऊन आले, बरं हाय. तिचं उत्तर आलं, “बेस झालं माय. आता जड हंडे उचलू नको, सून असंल तर तिला सांग.” मग आमचं असंच चालू झालं. ती काहीबाही सांगायची, मी ऐकायची, कधी बोलायची. तिची म्हैस व्याली, तिच्या धाकट्याला कामाला पुण्याला धाडलं, तिला वांग्याचं भरीत खाल्लं की खाज सुटते. तिचं नाव मला माहीत नव्हतं, माझं तिला नव्हतं. त्यावाचून आमचं काही अडत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात तिचा आवाज वेगळा आला. ती म्हणाली, “रिंगीचं काही खरं न्हाई आता. रगत जायलंय. बाई म्हणल्या पिशवी काढावी लागंल. पोळा झाल्यावर बोलवलंय. घरी अजून कुणाला सांगितलं न्हाई, कसं सांगावं तेच कळंना. जीव घाबरायलाय. माय, तू असशील तर बोल.”

मी त्याच दुपारी बोलले. भिऊ नका म्हटलं. घरी सांगा, एकटीनं जाऊ नका म्हटलं. बरं झालं की लगेच इथं सांगा, मी रोज ऐकणार आहे म्हटलं. मशीननं सांगितलं की तुमचं बोलणं मिळालं, तपासून पुढं सोडण्यात येईल.

ते पुढं सुटलं नाही. माझंही नाही आणि कोणाचंच नाही. तीच जुनी बोलणी रोज ऐकू यायची. मग पोळा झाला. त्यानंतर एका दुपारी एक दाबायच्या आधीच मशीन म्हणालं की ही सेवा बंद होत आहे, सर्व बहिणींचे आभार. दुसऱ्या दिवसापासून मिस कॉल द्यावा तर फोन परत येईना. मी ओढ्याकाठी फोन हातात धरून बसायची, शेळ्या कोणाच्यातरी तुरीत शिरायच्या आणि लोक मला बोलायचे.

ताईचा नंबर गटाच्या अध्यक्षीणबाईकडून घेतला. ताईला फोन लावायला मला आठवडा लागला. ती चांगलं बोलली. म्हणाली, “मावशी, ते आता जुनं झालं हो. पूर्वी बाहेरच्या देशात कॉम्प्युटरवर असेच फळे असायचे, लोक फोनच्या तारेवरून निरोप ठेवायचे आणि दुसरे येऊन वाचायचे. इंटरनेट आल्यावर ते गेले. आपलाही गेला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचा ग्रुप केलाय की.”

मी म्हटलं, “एक पिंगळीच्या बाई होत्या. त्यांचा नंबर पायजे होता.”

“ते आमच्याकडं राहिलेलं नाही मावशी. आणि असतं तरी देता आलं नसतं. तुम्ही बायांनीच म्हटलं होतं ना, आमचं नाव कुठं जाऊ देऊ नका म्हणून?”

तिचं बरोबर होतं. बरं म्हणून मी फोन ठेवला.

मग रिंग धुवायला दवाखान्यात जायची पाळी आली, तेव्हा मी एकटीच गेले आणि तिथून ॲटोनं पिंगळीला गेले. घरी सांगितलं नाही. स्टेशनाजवळ उतरले आणि बाकावर बसले. एक बाई शेळ्यांसाठी पाला घेऊन चालली होती, ती थांबली.

“कुण्या गावच्या वो तुमी?”

“ताडकळसच्या अंगाच्या.”

“कुणाकडं आल्याव?”

“हाय एक वळखीची.”

“नाव काय तिचं?”

मी पदर नीट केला. तिनं पाला खाली ठेवला. “मालक काय करतेत तिचे?”

“म्हाईत न्हाई. धाकटा पोरगा पुण्याला हाय.”

“पुण्याला तर घरटी एक हाय. घर कुठंशीक हाय?”

“रेल्वेचा आवाज येतो घरात.”

ती हसायला लागली. “अवो, रेल्वेचा आवाज तर आमच्या मारुतीलाबी येतोय. नाव न्हाई, घर न्हाई, अशी कशी वळख तुमची?”

“फोनवरची हाय.”

तिचं हसू थांबलं. माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “बाईच हाय ना पण?”

“बाईच हाय वो.”

“न्हाई, आजकाल काई सांगता येत न्हाई, म्हणून इचारलं.”

माझ्या ओठावर आलं होतं, की तुमच्या गावात पोळ्यानंतर कोणाचं पिशवीचं ऑपरेशन झालंय का. एवढं विचारलं असतं तर तिनं कदाचित घर दाखवलं असतं. पण फोनवरची बाई म्हणाली होती, घरी कोणाला सांगितलं नाही. आणि मी तिच्या गावात येऊन स्टेशनावर तिचं दुखणं बोलायचं? तिनं तिकडं सांगितलं असेल किंवा नसेल, ऑपरेशन झालं असेल किंवा नसेल, मला काय माहीत. शिवाय ह्या पालेवाल्या बाईनं पुढं विचारलं असतं, तुला कसं माहीत, तुझी तिची ओळख कशावरून. मी पाणी प्याले आणि उठले. जाताना गावातून एक चक्कर मारली. ओट्यावर, दारात, हापशावर बाया बोलत होत्या, मी हळूहळू चालत ऐकत होते. पण फोनमधला आवाज आणि तोंडातला आवाज एक नसतो, हे मला तिथं कळलं. तीन-चार वेळा वाटलं हीच, आणि तीन-चार वेळा वाटलं ही नाही. एक गाडी धडधडत गेली, तेव्हा सगळ्याच बाया बोलायच्या थांबल्या.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, “तो ग्रुप म्हणत्यात, तो तुझ्या फोनात हाय का?”

“हाय की मामी, कवाचाच. तुमच्या नावानं माझा नंबर दिलाय गटवाल्यांनी.”

तिनं दाखवला. फुलांची चित्रं, सुप्रभात, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, शिलाई मशीनची जाहिरात, परत फुलं. बोललेलंही होतं मधे मधे. सुनेनं एकेक लावून दाखवलं. दोन पोरं आणि एक मास्तर निघाले. बायांच्या ग्रुपवर बायांचे फोन थोडेच, बाकी लेकांचे आणि नवऱ्यांचे होते. घोगरा आवाज एकही नव्हता.

सून म्हणाली, “तुमाला कुणाला काय इचारायचं हाय का? बोला, मी दाबते.”

हे जेवत होते. मी जवळ सरकले आणि म्हटलं, “पिंगळीच्या बाई, तुमची तब्येत कशी हाय?” एवढं बोलायला काही हरकत नव्हती. सुनेनं बोट उचललं आणि ते गेलं.

उत्तरं लगेच आली, दम खायलाही वेळ मिळाला नाही. कोणी हात जोडलेले, कोणी अंगठा, कोणी ‘लवकर बरे व्हा’ लिहिलेला गुच्छ. एक बाई बोलली, “मी पिंगळीची हाय मावशी, मी बरी हाय, तुमी कोण?” दुसरी बोलली, “मीबी बरी हाय.” एका पोरानं लिहिलं, आमची आई मजेत आहे. सून वाचून दाखवत होती आणि हसत होती. “मामी, आख्खी पिंगळी बरी हाय बघा.”

मग त्या पहिल्या बाईचं आणखी एक बोलणं आलं. चांगली होती बिचारी. म्हणाली, “मावशी, तुमी शोधायल्याव ती कुणी दुसरीच दिसती. मी इथं अंगणवाडीत असते, घराघरात जाणं होतं माझं. नाव ठाऊक नसंल तर ऱ्हाऊ द्या. तिला दुखणं काय होतं तेवढं सांगा, मी उद्याच तपास लावून देते.”

सुनेनं बटनावर अंगठा ठेवला. “बोला मामी, दाबलंय.”

ह्यांनी घास तसाच हातात धरला होता. तेही ऐकत होते.

मी म्हटलं, “डोकं दुखायचं तिचं.”

ते गेलं. जरा वेळानं अंगणवाडीची बाई बोलली, “डोकं तर समद्यांचंच दुखायलंय की वो मावशी.” त्याच्या खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. सून हसली, हे हसले. मी ह्यांच्या ताटात भाकरी वाढली.