सिस्टरबाईंचा संशय

"आ कर. जीभ वर उचल. आता गालात काय हाये ते दाखव."

गोळी गिळून झाल्यावरही सिस्टरबाई समोरच्या बाईला एवढं करायला लावायच्या. मग मोबाइलचा उजेड पाडून स्वतः पाहायच्या. तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीकडच्या एका गावात त्या सरकारी नर्स होत्या. गोळी घेतली असं कोणी नुसतं सांगितलं, तर त्यांच्या वहीत ती घेतलेली धरली जात नसे.

गरोदर बाईला त्या भर अंगणात विचारत, "संडास काळी होते काय?" बाई पदर तोंडाशी नेई, सासू मान फिरवी. "लाजू नको. लोहाची गोळी पोटात गेली का नाई, ते तिथंच समजते."

असं वागणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. गावाला ते आवडत नाही.

आदिलाबादला मी एका मराठी वर्तमानपत्राचं काम करतो. त्या गावातून एक तक्रार आली: नर्स घरात शिरून झडती घेते, बायांचा अपमान करते. खाली सहा सह्या. सगळ्यांवर संशय घेणारा कर्मचारी बहुधा स्वतःचं काही लपवत असतो, असा माझा अनुभव. मी न कळवता गेलो आणि पहिल्या सहीच्या घरी बसलो. थोड्या वेळाने सिस्टरबाई तिथेच आल्या.

घर भाजी पिकवून विकणाऱ्या भाजीवाल्यांचं. सून सहा महिन्यांची गरोदर. सिस्टरबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरी. बोटातून थेंब घेऊन रक्त तपासलं; हिमोग्लोबिन अकरा हवं, साडेसात भरलं. सासूने गोळ्यांची रिकामी पाकिटं पुढे केली.

"समद्या खाल्ल्या. पाकिटं पाहा ना."

"पाकिटंच पाहून राह्यली, मावशी. गोळ्या कुठं गेल्या, ते शोधून राह्यली."

सिस्टरबाई उठून परसात गेल्या. मिरचीची रोपं पिवळट होती. न्हाणीजवळची लिंबोणी मात्र गडद हिरवी. त्या बुडाशी बसल्या आणि काडीने माती उकरली. दोन लाल गोळ्या अजून विरघळायच्या होत्या.

"सून पांढरी अन् लिंबोणी हिरवीगार. काऊन, मावशी?"

"गोळ्यांनं लेकरू पोटात मोठं होते. मंग पोट फाडा लागते," सासू म्हणाली. आवाज मुळीच खाली आला नाही. "मंग फेकून देऊ काय? झाडाला हिराकस इकत आणतो आमी. हे बी लोखंडच ना?"

भाजीवाल्यांना हे ठाऊक असतं. पिवळं पडलेलं झाड हिराकस घातली की हिरवं होतं. सून खाली बघत उभी होती.

परतताना मी विचारलं, झाडाखाली बघायचं कसं सुचलं?

"आमी बी भाजीवालेच," त्या म्हणाल्या. "माह्या वहिनीच्या गोळ्या मीच कढीपत्त्याला घातल्या. आईनं सांगितलं होतं. नर्सबाई आली का पाकिटं मीच दाखवो. समद्या खाल्ल्या, मीच सांगो. तिनं इश्वास ठेवला."

बाळंतपणात वहिनीचं रक्त थांबलं नाही. ती दवाखान्याच्या रस्त्यातच गेली. पुढच्या वर्षी सिस्टरबाईंनी नर्सिंगला नाव घातलं. शाळा मराठीत झालेली, शिकवणं तेलुगूत, पुस्तकं इंग्रजीत. पहिले सहा महिने काहीच उमजलं नाही, असं त्या म्हणाल्या. तेलुगू शब्द देवनागरीत लिहून पाठ केले.

"छापता काय हे?" त्यांनी मला विचारलं.

मी तेव्हा तक्रारही छापली नाही आणि हेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी आठला त्या घरी जाऊ लागल्या. "आली झडतीवाली," सासू शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणे. सिस्टरबाई पाण्याचा गिलास सुनेच्या हातात देत आणि ती गोळी गिळेपर्यंत हलत नसत. अडीच महिन्यांनी रक्त दहावर आलं.

पण बाळंतपणाला त्या नव्हत्या. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी तीनदा अर्ज केला होता. या वेळी हैदराबादला जागा मिळाली आणि हजर व्हायची तारीख आधीची निघाली. आपल्या जागी आलेल्या नर्सला त्या घराचा रस्ता दोनदा दाखवून मगच त्या गेल्या.

दोन आठवड्यांनी एका दुपारी दुसऱ्याच बातमीसाठी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात होतो. सासूने मला ओळखलं.

"पेपरवाले भाऊ, सिस्टरचा नंबर हाये काय?"

मी लावून दिला आणि स्पीकर सुरू केला.

"पोरगी झाली," सासू म्हणाली. "दोघी बऱ्या हायेत."

"रक्त किती गेलं?"

"नाई गेलं जास्त."

"तुमच्यावर नाई ठेवत इश्वास, मावशी. ड्यूटीवरच्या सिस्टरला द्या."

सासू रागावली नाही. निमूटपणे फोन घेऊन गेली. ड्यूटीवरच्या सिस्टरने तेलुगूत सांगितलं: रक्त बेताचंच गेलं, बीपी ठीक, बाळाचं वजन चांगलं. सिस्टरबाईंनी तिलाही दोन प्रश्न जास्तच विचारले.

"आता फोन लेकराच्या तोंडाजवळ धरा, मावशी."

पोरगी झोपली होती. सासूने तिच्या पायाच्या तळव्यावर बोटाने हलकी टिचकी मारली. ती मोठ्याने रडली आणि रडतच राहिली.

आम्ही थांबलो. हैदराबादहून पुढचा प्रश्न आला नाही. फोन चालूच होता.