उसन्या पिचरचा आठ नंबर

डेलरॉय कॉस्ट्रेबाच्या दोन्ही मुलींना मी शाळेत शिकवलं. पालकसभेला तो मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि फारसं बोलायचा नाही. पण रविवारी दुपारी आमच्या हॉफेन गावच्या मैदानावर डाव्या हातात बॉल घेऊन उभा राहिला की सगळं गाव गप्प व्हायचं. इकडे मिनेसोटात लहानशा गावाचाही आपला बेसबॉलचा संघ असतो. आठवडाभर गाई सांभाळायच्या, सुतारकी करायची आणि रविवारी खेळायचं.

आमच्याकडे शर्टांचे नंबर मापाप्रमाणे चढत जातात. डेलरॉय अंगाने लहान, म्हणून त्याच्या वाट्याला आठ नंबर आला. त्या शर्टात तो कितीतरी उन्हाळे खेळला आणि बहुतेक वेळा हरला, कारण बाकीचा संघ यथातथाच. कुणी झेल सोडला तरी डेलरॉय मागे वळून बघत नसे. "त्या बिचाऱ्याचा चेहरा कशाला बघायचा?" असं तो मला एकदा म्हणाला होता.

आमच्या स्पर्धेत एक नियम आहे. राज्याच्या फेरीला जाणारा संघ हरलेल्या शेजारगावातला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, उसना नेऊ शकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑगस्टमध्ये लेक मार्था या शेजारच्या गावाने आम्हाला हरवलं आणि लगेच डेलरॉयला मागितलं. तो गेला. त्यांच्याकडे शिल्लक होता तो एकतीस नंबरचा ढगळ शर्ट घालून त्याने त्यांना अजिंक्यपद मिळवून दिलं. बॅटरमागे बसून डेलरॉयला खुणा करणारा आमचा कॅचर नॉर्ब हिनेनकँप म्हणजे डेलरॉयच्या बायकोचा सख्खा भाऊ. हवामान, गाई, लग्नं, मयती, सगळ्यावर तो मेहुण्याशी बोलत राहिला. बेसबॉलवर मात्र त्या दिवसापासून एक शब्द नाही.

यंदाच्या वसंतात लेक मार्थाहून मर्ल टोलफसन आला. "एकतीस नंबर आम्ही निवृत्त करतोय. कुंपणावर पाटी लावू, तो शर्ट पुन्हा कुणाला देणार नाही. डेलरॉयने फक्त यायचं."

आमच्या मैदान समितीला ते चांगलंच झोंबलं. आपल्या माणसाला आधी परक्यांनी मान द्यायचा? मी म्हटलं, मग आपणही आठ नंबर निवृत्त करूया. कुणाचा नंबर राखून ठेवायचा याबद्दल माझं मत साधं आहे. चषक आणणाऱ्याचा लोक ठेवतातच. पण हरणाऱ्या संघासाठी जो दर रविवारी आला, त्याचा आधी ठेवावा.

समितीचा अध्यक्ष होता नॉर्ब. "आठ नंबर काढून घेतला तर शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या आपल्या बुटक्या पोराला काय बायकोचा गाऊन घालायचा?" तो म्हणाला. सगळे हसले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

हे डेलरॉयच्या कानावर गेलं. "नॉर्बच्या मनात नसेल तर मला कुठलीच पाटी नको. मर्लला नाही म्हणून कळवतो."

"कळवशील!" अर्डेल, त्याची बायको, कडाडली. "आधी माझ्या भावाला जाऊन विचार. दोन रुसलेले म्हातारे सांभाळून मी थकले आता."

डेलरॉयची नजर अधू झाली आहे, म्हणून गाडी मी चालवली. नॉर्ब घरामागे ओट्यावर मासे साफ करत होता.

"बाई, तुम्ही बसा," तो म्हणाला. मेहुण्याकडे त्याने बघितलंही नाही.

"नॉर्ब, तू नको म्हणालास तर मी लेक मार्थाला जाणार नाही."

"तेव्हा का नाही विचारलंस?"

"तू जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही."

"म्हणूनच नाही विचारलं. मला जायचं होतं रे. एकदा तरी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचायचं होतं."

नॉर्बने सुरी खाली ठेवली.

"त्यांचा कॅचर कसा होता?"

"ठीक होता. खुणा करताना गोंधळायचा."

"पहिल्या बॅटरला काय टाकलंस?"

डेलरॉय एकेक बॅटर सांगू लागला. नॉर्ब पुढे झुकून ऐकत होता; मधेच त्याची बोटं गुडघ्याआड खुणा करायची.

"त्या लांबड्याला आत, अंगालगत टाकायला हवा होतास."

"आतच टाकला."

"गाढवा, मग त्याने मारला कसा?"

"बाहेर टाकायला हवा होता."

नॉर्ब इतका हसला की त्याला ठसका लागला. डेलरॉय शेवटच्या बॅटरपर्यंत आला, तेव्हा नॉर्बने हात वर केला. "थांब, सांगू नकोस. संथ, अगदी जवळ येऊन खाली बुडणारा."

"तोच."

"तो मी घोटून घेतला होता तुझ्याकडून. हिवाळाभर, गोठ्यात."

"तूच. तिथे उभा असताना मनात तेच होतं."

नॉर्बने फडक्याला हात पुसले. "मग आधी आपल्या कुंपणावर आठ लागेल. त्यांचा एकतीस नंतर. तिथेही मी येईन, पण त्यांच्या गावात टाळ्या वाजवणार नाही, सांगून ठेवतो."

वाजवल्या. मी शेजारीच बसले होते.