मामांनी आखलेला बांध

माझ्या बायकोचे मामा निम्म्या खानदेशाला ओळखतात, पण चेहऱ्याने एकालाही नाही, पायाने. जळगावात त्यांचा छोटा दवाखाना आहे आणि मधुमेहींचे पाय हा त्यांचा व्यवसाय, छंद आणि धर्म. एकदा त्यांचा सत्कार झाला. दिवाणखान्याएवढा हार घेऊन प्रमुख पाहुणे पुढे आले आणि मामा एकदम खाली वाकले. सभागृह त्या विनयाने गहिवरलं. मामा पाहुण्यांच्या टाचेची भेग बघत होते. "ही चप्पल सोडा. साखर कधी तपासली?" एवढंच त्यांचं सत्काराला उत्तर.

जखमेला ते फक्त चार गोष्टी विचारतात: लाली किती पसरली, खोली किती, अंगात ताप आहे का, पावलाची नाडी लागते का. दुखतं का, हे माणसाला मात्र विचारत नाहीत. "माणूस खोटं बोलतो, पाय नाही."

जामनेरच्या एका लग्नात आम्ही वराकडचे. हळदीच्या सकाळी वधूपित्याच्या, चोपड्याकडच्या केळीवाल्या आबांच्या, पायावर मामांची नजर गेली. साखरपुड्याला घातलेल्या नव्या बुटाने अंगठ्याला जखम केली होती आणि तिच्यावर आबांनी घरची हळद थापली होती.

"आत्ताच्या आत्ता जळगावला चला."

"दुखत नही ना डॉक्टर, मंग काय शे?"

"दुखत नाही, म्हणूनच चला. साखरेने पाय बधिर झालाय."

"पोरनं लगीन व्हई जाऊ द्या."

मामांनी वाद घातला नाही. जखम धुतली, पेन काढलं आणि लालीच्या कडेने रेघ आखली. दुपारी लाली रेघेबाहेर बोटभर गेलेली. अंगाला हात लावला, तर ताप.

"आबा, शेजाऱ्याने तुमचा बांध एवढा कोरला तर?"

"त्यानं डोकं फोडसू!"

"मग हे बघा."

आबांनी पाहिलं. मग धाकट्या भावाला हाक मारून म्हणाले, "कन्यादान तू कर."

संध्याकाळी जळगावात शस्त्रक्रिया झाली. अंगठा गेला, पाऊल राहिलं. दुसऱ्या दिवशी सासरी जाण्याआधी नवरी शालूतच वॉर्डात आली आणि तिने बापाच्या बँडेजवर अलगद डोकं टेकलं. आबा छताकडे बघत पडून होते. पोरीचं डोकं पावलावर आहे, हे त्यांना कळलंच नाही. हुंदका ऐकला, तेव्हा ते उठून बसले आणि खाटेवरून हात लांब करून तिच्या केसांपर्यंत नेला.

मामा खिडकीशी उभे राहून पलीकडच्या खाटेचा तक्ता वाचत होते. तक्ता उलटा धरला होता.